बर्फाच्या गावातून पायी

वैशाखातल्या मोताळ्यात सकाळी नऊ-दहानंतर गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही. मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात त्या दिवसांत घरोघरी वाळवणाची लगबग चालू असते. जुनी धोतरे-लुगडी अंथरून त्यांवर कुरडया, सांडगे, ज्वारीच्या बिबड्या पसरलेल्या असतात. याच दिवसांत वर्षाचे गहू, ज्वारी, तूरडाळ निवडून, ऊन दाखवून कोठ्यांत भरली जाते. चातुर्मासात हिरव्या भाज्यांचा त्याग करणाऱ्या जैन घरांत तर हे वाळवण आणि ही कडधान्ये म्हणजे पुढच्या चार महिन्यांचा आधार असतो. ज्या उन्हाने माणूस हैराण होतो, तेच ऊन त्याचे अन्न वर्षभर राखून ठेवते.

पृथ्वीच्या पाठीवर असेही एक शहर आहे, जिथे अन्न राखण्याचे हे काम थंडी करते. मोताळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा त्या शहरासमोरचा समुद्र अजून गोठलेला असतो. त्याचे नाव इकालुइट. कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत या प्रदेशाची ही राजधानी बॅफिन बेटावर, फ्रोबिशर उपसागराच्या टोकाशी वसलेली आहे. इनुइट लोकांच्या इनुक्टिटुट भाषेत या नावाचा अर्थ ‘पुष्कळ माशांची जागा’ असा होतो. नावातच मासा असलेल्या, जवळपास एकही झाड नसलेल्या या शहराकडे शाकाहार हा कुळाचार मानणाऱ्या माणसाने कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर ते शहर पायी हिंडून पाहावे लागेल. साधुसाध्वींच्या विहाराची परंपरा जपणाऱ्या समाजाला हे सांगणे नको की, पायी चालणाऱ्याला प्रदेश जितका कळतो तितका वाहनात बसणाऱ्याला कळत नाही.

खांबांवरची घरे

इकालुइटला जायला रस्ता नाही. नुनावुतमधले कोणतेही गाव दुसऱ्या गावाशी रस्त्याने जोडलेले नाही. ओटावाहून सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला विमानानेच जावे लागते. उन्हाळ्यात बर्फ वितळले की काही आठवडे जहाजे येतात, तेवढाच दुसरा मार्ग. नुनावुतचे क्षेत्रफळ भारताच्या जवळजवळ दोन तृतीयांश. पण २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अवघी सदतीस हजारांच्या आसपास. २०११ च्या गणनेत एकट्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाखांहून अधिक होती. राजधानी असलेल्या इकालुइटमध्ये २०२१ साली ७,४२९ माणसे राहत होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक इनुइट होती. ‘एस्किमो’ हा शब्द आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. पण तो बाहेरच्यांनी दिलेला असल्याने तेथील लोकांना रुचत नाही. ते स्वतःला ‘इनुइट’, म्हणजे ‘माणसे’, असे म्हणवतात. एका व्यक्तीला ‘इनुक’ म्हणतात.

विमानतळ गावाला लागूनच आहे. बाहेर पडून चालू लागले की पहिली गोष्ट ध्यानात येते ती म्हणजे घरे जमिनीला टेकलेली नाहीत. ती खांबांवर उभी आहेत. येथील जमीन खोलवर कायमची गोठलेली असते. घराची ऊब जमिनीला लागली तर ती वितळून घरच खचेल, म्हणून मधे वारा खेळता ठेवावा लागतो. जानेवारीत सरासरी तापमान शून्याखाली सत्तावीस अंशांच्या आसपास असते, तर जुलैत ते शून्यावर आठ अंशांपर्यंत चढते. अशा मातीत शेती होत नाही. नांगर, पेरणी, मळणी, खळे हे शब्द ज्या भाषेला कधी लागलेच नाहीत, अशा लोकांचे हे गाव आहे. एवढे एक वाक्य मनात धरून पुढे चालावे; बाकीचे बरेच काही त्यातून उलगडत जाते.

ओळखीची वाटणारी लिपी

गावाच्या मध्याकडे येताना पाट्यांवर एक अनोखी लिपी दिसू लागते. त्रिकोण, वाकड्या कांड्या, अर्धवर्तुळे यांनी बनलेली. पाहिल्याबरोबर परकी वाटणारी ही लिपी देवनागरी वाचणाऱ्याला तत्त्वतः परकी नाही. जेम्स एव्हान्स या धर्मोपदेशकाने १८४० च्या सुमारास क्री लोकांसाठी ती घडवली आणि पुढे ती इनुइटांपर्यंत पोहोचली. तिच्या रचनेवर देवनागरीचा प्रभाव असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ‘प’ला काना दिला की ‘पा’, वेलांटी दिली की ‘पि’ होतो. तेथे काना-वेलांटीऐवजी अक्षरच फिरवले जाते. एकाच आकाराचे तोंड एका दिशेला असेल तर ‘पि’, दुसऱ्या दिशेला ‘पु’, तिसऱ्या दिशेला ‘पा’. व्यंजन आकारात आणि स्वर दिशेत.

गावाचे मूळ मात्र तितके जुने नाही. इनुइट या उपसागरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीसाठी येत. पण स्थायी वस्ती झाली ती दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेने येथे हवाई तळ उभारल्यावर. ती जागा शोधायला नाकासुक नावाच्या इनुक वाटाड्याने मदत केली होती. आज गावातील एका शाळेला त्याचे नाव आहे. इंग्रज दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशर १५७६ मध्ये या किनाऱ्याला आला होता. त्याच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव १९८७ पासून पुन्हा ‘इकालुइट’ झाले. १ एप्रिल १९९९ रोजी नुनावुत हा स्वतंत्र प्रदेश अस्तित्वात आला.

आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक इनुइटांचा जन्म गावात झालेला नाही. ते ऋतूप्रमाणे हिंडणाऱ्या कुटुंबांच्या छावण्यांत जन्मले. १९५० नंतर शाळा, दवाखाना आणि सरकारी धोरण यांमुळे ही कुटुंबे गावांत येऊन स्थिरावली. कित्येकांच्या दृष्टीने ते स्थलांतर स्वखुशीचे नव्हते. त्या काळात त्यांचे स्लेज ओढणारे कुत्रे मोठ्या संख्येने मारले गेले. कुत्रा गेला म्हणजे प्रवास गेला, आणि प्रवास गेला म्हणजे अन्न गेले. या साऱ्याची चौकशी करण्यासाठी इनुइटांनीच किकिक्तानी सत्य आयोग नेमला. २०१० मध्ये त्याचा अहवाल आला आणि २०१९ मध्ये कॅनडाच्या सरकारने जाहीर क्षमा मागितली.

मध्यवस्तीत सेंट ज्यूड्स हे चर्च दिसते. त्याचा घुमट इग्लूसारखा, म्हणजे बर्फाच्या घरासारखा आहे. २००५ च्या आगीनंतर ते पुन्हा उभारले गेले. तेथून थोडे चालल्यावर विधानसभेची इमारत लागते. येथे राजकीय पक्ष नाहीत. बावीस सदस्य व्यक्ती म्हणून निवडून येतात, आपल्यातून प्रमुख निवडतात आणि सहमतीने कारभार करण्याचा प्रयत्न करतात. सभागृहातील बाकांवर सीलचे कातडे चढवलेले आहे. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या पाहुण्याचा हात तेथे नकळत मागे येईल. या कातड्यामागची कथा पुढे येणारच आहे. पण त्याआधी अन्नाकडे वळले पाहिजे.

जमिनीवर मांडलेली पंगत

इनुइट आपल्या पारंपरिक अन्नाला ‘निकितुइन्नाक’, म्हणजे ‘खरे अन्न’, म्हणतात. त्यात सील, कॅरिबू नावाचे हरीण, आर्क्टिक चार हा मासा, व्हेलची कातडी असे सर्व काही येते. या यादीत जैन माणसाने खावे असे काही नाही, हे उघड आहे. तरीही ही माणसे हे का खातात, हे समजून घेण्यास कोणत्याही व्रताची आडकाठी नाही.

वनस्पती नसलेल्या प्रदेशात जीवनसत्त्वे येणार कोठून? दूरच्या समुद्रप्रवासावर निघालेले युरोपीय खलाशी स्कर्व्हीने मरत असताना इनुइट त्याच थंडीत निरोगी राहत. लिंबू-आवळा न पाहिलेल्या या लोकांना ‘क’ जीवनसत्त्व मिळत असे ते व्हेलच्या कातडीतून आणि कच्च्या मांसातून. सीलच्या चरबीवर त्यांचा दिवा जळे. ‘कुल्लिक’ नावाचा हा दगडी दिवा अर्धचंद्राकार असतो. त्यात आर्क्टिक कापूस नावाच्या रानगवताचा मऊ कापूस किंवा शेवाळ वात म्हणून वापरतात. घरातील उजेड, ऊब, अन्न शिजवणे, ओले कपडे वाळवणे, सर्व काही या एका दिव्यावर चाले. दिवा सांभाळण्याचा मान घरातील स्त्रीचा. वीज आल्यावर त्याची गरज संपली. पण आजही समारंभाच्या आरंभी एखादी वृद्ध आजी तो पेटवते आणि सारे सभागृह शांत होते. दीपप्रज्वलनाने कार्यक्रमाचा आरंभ करणाऱ्या आपल्या समाजाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

उन्हाळ्यात घरांबाहेर दोऱ्यांवर माशाचे तुकडे वाळत टाकलेले दिसतात. वस्तू वेगळी, पण रीत वाळवणाचीच. जे चार महिने मिळते त्यावर आठ महिने काढायचे, हे गणित मोताळ्याच्या गच्चीवर आणि इकालुइटच्या अंगणात सारखेच आहे.

गावजेवण असले की जमिनीवर पुठ्ठे किंवा प्लास्टिकचे कापड अंथरतात, त्यावर अन्न मांडतात आणि लोक भोवती खाली बसतात. स्त्रियांच्या हाती ‘उलू’ ही अर्धगोल पात्याची सुरी असते. ती आईकडून मुलीकडे जाते. मिळालेले अन्न वाटून खाणे हा येथील सर्वांत जुना नियम आहे. ज्याला शिकार मिळाली त्याने ती एकट्याने खायची नाही. वृद्ध, विधवा, आजारी यांच्या घरी आधी पोहोचवायची. आजही गावच्या रेडिओवर किंवा फोनवर ‘आमच्याकडे अन्न आहे, या’ असे निरोप जातात. ज्या प्रदेशात एका घराचे नशीब एका दिवसावर अवलंबून असते, तेथे संग्रहापेक्षा वाटप अधिक सुरक्षित ठरते. अपरिग्रहाचे हे रूप शास्त्रातून आलेले नाही, बर्फातून आले आहे.

प्राण्याविषयीचा त्यांचा भावही नोंदवण्याजोगा आहे. जुन्या रीतीनुसार सील मारल्यावर त्याच्या तोंडात गोड्या पाण्याचे थेंब सोडत. खाऱ्या समुद्रात राहणारा जीव तहानलेला असतो, अशी त्यामागची समजूत. समुद्राच्या तळाशी सर्व जलचरांची माता राहते, आणि माणसे उन्मत्त झाली, प्राण्यांचा अपमान करू लागली की ती त्यांना आपल्याजवळ रोखून धरते, अशी कथा घरोघरी सांगितली जाते. जीव घेतल्याची जाणीव, त्याबद्दलचे भय आणि कृतज्ञता त्यांच्या संस्कृतीत खोल रुतलेली आहे. एवढ्याने हिंसेची अहिंसा होत नाही. मात्र ज्याला ती जाणीव आहे तो निर्दय नाही, एवढे मान्य करावे लागते.

दुकानातील भाव

आज कोणी केवळ शिकारीवर जगत नाही. गावात मोठी दुकाने आहेत. पीठ, तांदूळ, कडधान्ये, फळे, भाज्या सर्व मिळते. शाकाहारी माणूस येथे उपाशी राहणार नाही, फक्त त्याचा खिसा हलका होईल. जे विमानाने येते त्याचे भाव दक्षिण कॅनडाच्या दुप्पट-तिप्पटही असतात. म्हणून ज्यांना शक्य आहे ती कुटुंबे उन्हाळ्यातल्या जहाजाने वर्षाचे पीठ, साखर, तेल एकदम मागवून ठेवतात, अगदी वर्षाचे धान्य भरण्याच्या आपल्या रीतीप्रमाणे. ज्यांच्याजवळ एकरकमी पैसा नाही त्यांना रोजचे महाग अन्न घ्यावे लागते. नुनावुतमधील निम्म्याहून अधिक घरांना पुरेशा अन्नाची शाश्वती नसल्याचे सर्वेक्षणांत आढळले आहे. २०१२ मध्ये या महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते. इकालुइटमधील ‘काजुक्तुर्विक’ हे सामुदायिक अन्नकेंद्र गरजूंना विनामूल्य गरम जेवण देते. जीवदया आणि अन्नदान यांना धर्मकार्य मानणाऱ्या पाहुण्याला या गावात कोठे नतमस्तक व्हावेसे वाटले, तर ते याच दारात.

येथील चहाबरोबर ‘बॅनक’ ही जाड भाकरीसारखी रोटी मिळते. मैदा, मीठ, पाणी आणि बेकिंग पावडर यांची ती होते. पण बहुधा तिच्यात प्राण्याची चरबी घालतात, तेव्हा विचारूनच घ्यावी. तेल घालून करणाऱ्याही सुगरणी आहेत. चहा मात्र कोणत्याही घरात मिळतो. ‘कुयानामीक’, म्हणजे धन्यवाद, एवढा एक शब्द आला की यजमानांचा चेहरा उजळतो.

दूरवरून आलेली दया

आता त्या कातड्याची गोष्ट. १९७० च्या दशकात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिलांची मोठ्या प्रमाणावर व्यापारी हत्या होत असे. त्या दृश्यांनी जगभरची माणसे हेलावली. प्राणिरक्षक संघटनांनी मोहिमा काढल्या आणि १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने पिलांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. ती वाचून कोणाही जैन माणसाला समाधानच वाटले असते.

परंतु इनुइट पिलांची ती शिकार करत नव्हते. ते अन्नासाठी प्रौढ सील मारत आणि उरलेले कातडे विकून बंदुकीच्या गोळ्या, इंधन आणि पीठ घेत. बंदी पिलांवर असली तरी सीलच्या कातड्याचे नावच बदनाम झाले आणि साऱ्या जगात त्याचा बाजार कोसळला. २००९ मध्ये युरोपीय संघाने सर्व सील-उत्पादनांवर बंदी घातली. तीत इनुइटांसाठी सवलत होती. पण मोडलेल्या बाजारात सवलत घेऊन विकायचे कोणाला? उत्तरेकडील लहान गावांतील कुटुंबांचे मोजके रोख उत्पन्न गेले. सील मारणे थांबले नाही, कारण खाणे थांबले नाही. थांबला तो शिकारीचा खर्च भागवणारा पैसा; आणि त्याबरोबर अनेक घरांत दारिद्र्य आले. ही व्यथा इकालुइटच्याच चित्रपटकर्त्या अलेथिया अर्नाकुक-बारिल यांनी २०१६ मधील ‘अँग्री इनुक’ या माहितीपटात मांडली. त्याआधी, २०१४ मध्ये, ग्रीनपीस कॅनडा या संघटनेने आपल्या मोहिमेमुळे झालेल्या हानीबद्दल इनुइटांची जाहीर क्षमा मागितली होती.

दरवर्षी संवत्सरीला, क्षमावाणीला हात जोडून क्षमा मागणाऱ्या समाजाला या घटनेत बरेच काही दिसू शकते. त्या मोहिमेतील माणसांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्याजवळ करुणा होती. ज्यांच्याविषयी निर्णय घेतला जात होता त्या माणसांना विचारलेच नाही, हा दोष होता. दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. ज्ञानाशिवाय केलेली दया कोणाच्या घरावर कशी पडेल, हे दया करणाऱ्याला कळतही नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. अनेकान्ताचा अर्थही अशा ठिकाणी पोथीतून बाहेर येतो: सीलचे दुःख खरे आहे, आणि आपल्या लेकरांना खाऊ घालणाऱ्या आईचेही खरे आहे. एकाला पाहण्यासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागत नाही.

किनाऱ्याकिनाऱ्याने

गावापासून सुमारे पाच किलोमीटरवर एपेक्स ही जुनी वस्ती आहे. तेथवरची वाट मोकळ्या माळावरून आणि समुद्राच्या कडेने जाते. भरती-ओहोटीत येथे दहा मीटरहून अधिक अंतर पडते. ओहोटीला होड्या चिखलात बसलेल्या दिसतात आणि सहा तासांनी त्याच होड्या डुलू लागतात. एपेक्सच्या किनाऱ्यावर हडसन्स बे कंपनीची लाल छपरांची पांढरी जुनी गोदामे उभी आहेत. एके काळी येथे कातड्यांच्या बदल्यात पीठ आणि चहा दिला जाई.

ऑगस्टच्या अखेरीस हा माळ रंगतो. घोट्याएवढ्या झुडपांवर ब्लूबेरी आणि काळी क्रोबेरी लगडते. आज्या नातवंडांना घेऊन डबे भरायला निघतात. ‘कुंगुलिक’ नावाची एक आंबट पालेभाजीही दगडांच्या आडोशाला उगवते. ती आपल्या आंबटचुक्याच्याच कुळातली. साऱ्या प्रवासात शाकाहारी पाहुण्याला निःशंक मनाने तोंडात टाकता येईल असा येथील मातीतला घास हाच: मूठभर फळे आणि एक आंबट पान. आपल्या रानात, बाजारात, परसात जे ढिगांनी मिळते ते येथे किती दुर्मीळ आहे, हे त्या मुठीत कळते.

त्यातही प्रश्न उरतो तो सूर्यास्ताचा. जूनमध्ये येथे दिवस सुमारे एकवीस तासांचा असतो आणि डिसेंबरात जेमतेम सव्वाचार तासांचा. चौविहार पाळणाऱ्याला डिसेंबरात सकाळी साडेनऊच्या आसपास सूर्य दिसेल आणि दुपारी दोनच्या आतच पाणीही बंद करावे लागेल. मोताळ्यात वर्षातील सर्वांत लहान दिवसही अकरा तासांच्या जवळपास असतो. आपले व्रत आपल्या निश्चयावर उभे असते, हे खरे. पण त्या निश्चयाला आपल्या अक्षांशाने, आपल्या काळ्या मातीने, पावसाने आणि नळगंगेसारख्या नद्यांनी केवढी साथ दिली आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. जमिनीने धान्य, कडधान्य, तीळ, भाज्या, फळे यांची रास समोर मांडली, म्हणून त्यातील काही सोडण्याचा धर्म आपल्याला आचरता आला. ज्यांच्यासमोर रासच नव्हती, त्यांनी वाटून खाण्याचा धर्म धरला.

इकालुइटहून परतणाऱ्याचा आहार बदलणार नाही, बदलूही नये. फार तर पुढच्या वैशाखात गच्चीवर कुरडया उलटताना त्याला त्या दूरच्या अंगणातील दोऱ्या आठवतील. आणि पर्युषणात क्षमेसाठी हात जोडताना, ज्यांना न पाहता, न विचारता आपण मनातल्या मनात दोषी ठरवले, त्यांचीही एक ओळ त्या यादीत असेल.